उमेदवारीचे १२० तास

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बँकांच्या शाखांतून अलीकडे काही तरुण चेहरे दिसू लागले आहेत. ते नोकर नाहीत आणि ग्राहकही नाहीत. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र, हातात एक वही आणि आपण नेमके कोणत्या खुर्चीवर बसायचे याविषयीचा संकोच, एवढ्यावरून त्यांची ओळख पटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखून दिली, तीत कामाच्या जागी जाऊन घेतलेल्या अनुभवालाही श्रेयांक मिळू लागले. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ४ श्रेयांकांचे १२० तास होतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे तास घालवण्यासाठी सर्वांत जवळची, सर्वांत प्रतिष्ठित आणि घरच्यांना सहज समजणारी जागा म्हणजे गावातली बँक. त्यामुळे परीक्षा संपल्या की महाविद्यालयाची पत्रे घेऊन विद्यार्थ्यांच्या जोड्या शाखाधिकाऱ्यांच्या टेबलापाशी उभ्या राहतात. या १२० तासांत त्यांनी काय शिकावे, याचा विचार मात्र पत्र देणाऱ्याने केलेला नसतो आणि पत्र घेणाऱ्यानेही केलेला नसतो.

या उपक्रमाला सरकारी मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात. हा शब्द वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून आला. तेथे तो शोभतो, कारण तो विद्यार्थी खरोखरच रुग्णालयात राहतो, रात्रपाळी करतो, आणि चुकला तर त्याला जबाबदार धरले जाते. बँकेत येणारा विद्यार्थी सकाळी साडेदहाला येतो आणि दुपारी घरी जातो. वस्तुतः या गोष्टीसाठी मराठीत एक जुना आणि अधिक प्रामाणिक शब्द होता: उमेदवारी. पेढीवर किंवा कचेरीत मुलगा उमेदवारी करीत असे, म्हणजे पगार नसताना किंवा नाममात्र पगारावर काम शिकत असे. आधी झाडलोट आणि निरोप, मग पत्रांच्या नकला, मग रोजकीर्द, मग खतावणी, आणि हात बसला म्हणजे तेरीज जुळवण्याचे काम. दिवसअखेर शिल्लक जुळली नाही, तर दिवाणजी त्याला घरी सोडत नसत. त्या पद्धतीत पिळवणूक नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्या मुलाने काय शिकायचे हे मात्र पक्के ठरलेले असे, आणि ते शिकवणारा माणूसही ठरलेला असे.

या दोन शहरांना उमेदवारीची ही परंपरा परकी नाही. स्वदेशीच्या चळवळीतून अण्णासाहेब चिरमुले यांनी १९०७ साली साताऱ्यात सातारा स्वदेशी कमर्शियल बँक काढली, १९१३ साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी उभारली आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँकेची स्थापना केली. मुंबई-पुण्याच्या भांडवलाची वाट न पाहता एका जिल्ह्याच्या गावाने आपली विमा कंपनी आणि आपली बँक उभी करावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सांगली संस्थानात त्याआधीच, १९१६ मध्ये, सांगली बँक सुरू झाली होती. आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव १९४९ ते १९६० या काळात 'दक्षिण सातारा' असे होते. तेव्हा या दोन बँकांचे मुलूख एकमेकांत किती मिसळलेले होते हे वेगळे सांगायला नको. १९६९ साली ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. या दोन्ही बँका त्या मर्यादेच्या खालच्या, म्हणून खासगी राहिल्या आणि पुढे साडेतीन दशके स्थानिकही राहिल्या. येथल्या मध्यमवर्गीय घरांतून त्या काळी 'बँकेत लागला' हे दोन शब्द मुलीचे लग्न जमवायला पुरेसे असत.

मग दोन्ही बँका अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने गेल्या. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, शाखाही बहुतांशी राहिल्या. गेली ती निर्णय घेण्याची जागा. ज्या इमारतींत कर्जाचा अर्ज मंजूर वा नामंजूर करणारी माणसे बसत, तेथे आता अर्ज गोळा होतात आणि निर्णय दुसऱ्या शहरात होतो. उमेदवारी करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत मोठा आहे. जेथे निर्णयच होत नाही, तेथे निर्णय कसा करावा हे शिकणार तरी कसे? 'स्थानिक बँक' या शब्दाला खरा अर्थ आज उरला आहे तो नागरी सहकारी बँकांत, जिल्हा मध्यवर्ती बँकेत, पतसंस्थांत आणि गावोगावच्या विकास सेवा सोसायट्यांत. राष्ट्रीयीकृत बँकेचे प्रमाणपत्र अधिक वजनदार वाटते म्हणून विद्यार्थी तिकडे धावतात हे स्वाभाविक आहे. पण शिकण्यासारखे अधिक कोठे आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा उलटे येईल.

शाखेत प्रत्यक्षात काय घडते? संगणकाच्या प्रणालीत शिरण्याचा परवलीचा शब्द विद्यार्थ्याला देता येत नाही, आणि तो देऊही नये. ग्राहकाच्या खात्याची माहिती हा बँकेचा विश्वासाचा ठेवा असतो; ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तेथे तर शेजाऱ्याच्या शिलकीचा आकडा तोंडून निसटणे म्हणजे अनर्थच. तेव्हा विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ते काउंटरच्या अलीकडचे काम: पैसे भरण्याच्या स्लिपा लिहून देणे, पासबुक छापून देणे, ओळखपत्रांच्या छायाप्रती जुळवणे, आधार जोडणीचे अर्ज भरून घेणे. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' योजनेची घोषणा झाली आणि आधार जोडलेल्या खात्यांसाठी बँकांच्या दारात बायांच्या रांगा लागल्या, तेव्हा अशा मदतनीस हातांची किंमत किती असते हे दिसून आले.

हे काम हलके आहे असे म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. रांगेतल्या बाईचे नाव आधारपत्रावर सासरचे, रेशनकार्डावर माहेरचे आणि पासबुकावर तिसऱ्याच वळणाने लिहिलेले असते. तिला 'नाव जुळत नाही' एवढेच सांगून परत पाठवणे आणि कोणता कागद कोठून आणायचा हे तिला नीट समजावणे, यातला फरक ज्याने एकदा अनुभवला तो पुढे कोणत्याही कचेरीत बसला तरी वेगळा कारकून होईल. वारसाचे नाव न लावलेल्या खात्यामुळे विधवेला किती हेलपाटे पडतात, हे बँकिंगच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतके स्पष्ट लिहिलेले नाही. पण हे शिकायला चार दिवस पुरतात. उरलेले दिवसही त्याच स्लिपांत गेले, तर ते शिक्षण राहत नाही. रिकाम्या जागा भरण्याऐवजी फुकट मनुष्यबळ वापरण्याची ती एक सोय होते. शाखाधिकाऱ्यालाही त्याबद्दल सर्वस्वी दोष देता येत नाही. त्याच्याकडे माणसे कमी, वरून येणारी उद्दिष्टे अधिक, आणि विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी दिलेला वेळ शून्य.

खरे तर परवलीच्या शब्दाशिवायही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ते याच दोन जिल्ह्यांत जितके आहे तितके क्वचित अन्यत्र असेल. मार्चअखेरीचेच उदाहरण घ्यावे. पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून शेतकरी ३१ मार्चच्या आत कर्ज भरतो आणि काही दिवसांनी तेच कर्ज पुन्हा उचलतो. गावच्या भाषेत याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. मधल्या त्या आठ-दहा दिवसांपुरते पैसे तो पाहुण्यांकडून आणतो, दुकानदाराकडून आणतो, किंवा सावकाराकडून आणतो आणि त्या थोड्या दिवसांचे व्याज मोजतो. कागदावर पाहिले तर कर्ज फिटले, वसुली उत्तम झाली, नवे कर्ज वाटले. वस्तुस्थिती पाहिली तर मुद्दल जागचे हललेलेच नाही. पुस्तकात वसुलीच्या टक्केवारीची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने एक मार्च महिना सोसायटीच्या सचिवाशेजारी बसून काढला, तर टक्केवारी आणि वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

हेच उसाचे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात सोसायटीचे कर्ज कारखान्याच्या ऊसबिलातून परस्पर कापले जाते. शेतकऱ्याच्या हाती पडते ती उरलेली रक्कम. वसुलीची हमी जमिनीत नसते, ती कारखान्याच्या काट्यावर असते. आता हाच विद्यार्थी माण, खटाव, जत किंवा आटपाडीचा असेल, तर त्याच्या गावात ना ऊस, ना तसा काटा. तेथे कर्ज द्यायचे तर कशाच्या भरवशावर? शेळ्यांच्या, डाळिंबाच्या, की मुलगा परगावी असल्याच्या? खानापूर-आटपाडी-तासगाव भागातील कित्येक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या 'गलाई' व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांचा पैसा गावाकडे येतो आणि दागिन्यांच्या रूपाने घरात राहतो. अडचणीच्या वेळी तोच दागिना बँकेत येतो. सोनेतारण कर्जाच्या टेबलापाशी सराफ कसोटीच्या दगडावर दागिना घासून पाहतो, खड्यांचे वजन वजा करतो, पाकीट मोहोरबंद होते. हे सारे अर्ध्या तासात घडते आणि पाहणाऱ्याला तारणाविषयी जे समजते, ते वर्गातल्या चार तासांत समजत नाही.

सांगलीची हळद हा तर स्वतंत्र धडा. हरिपूरच्या मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे साठवण्याची रीत होती; २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि व्यापाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. ज्या मालावर कर्ज दिले तो माल जमिनीखाली आहे, भाव पुढच्या हंगामात कळणार आहे, आणि नदी दोन कोसांवरही नाही: अशा वेळी तारणाचे मूल्य किती धरावे? बेदाण्याच्या शीतगृहाच्या पावतीवर कर्ज देतानाही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. असे प्रश्न विद्यार्थ्याला सोडवता आले पाहिजेत असे नाही. ते प्रश्न आहेत एवढे तरी त्याला दिसले पाहिजे.

आणि ज्यांना बँकेने कधी दारात उभे केले नव्हते, त्यांनी काय केले तेही त्याने पाहावे. माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तिचा आरंभ असा आहे. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नाही, या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या स्त्रिया अक्षरे शिकू लागल्या. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले की, मुद्दल आणि दर सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्र न घेता सांगावे. १९९७ साली परवाना मिळाला. ज्या विद्यार्थ्याला वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षात चक्रवाढ व्याजासाठी मोबाइल काढावा लागतो, त्याने १२० तासांपैकी १२ तास जरी म्हसवडच्या आठवडी बाजारात काढले तरी वाया जाणार नाहीत.

स्थानिकपणाचे एवढे गोडवे गाताना दुसरी बाजू झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे नाही म्हणणे अवघड जाते. आणि ज्या बँकेला नाही म्हणता येत नाही ती ठेवीदारांना बुडवते. नागरी सहकारी बँकांनी आपल्या संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्जे देऊ नयेत, अशी बंदी रिझर्व्ह बँकेला २००३ साली घालावी लागली, यातच सारे आले. सातारा जिल्ह्यातल्या लोकांना हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. कराड जनता सहकारी बँकेवर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेलेली होती, म्हणून ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. उरलेल्या एका टक्क्याहून कमी लोकांत कोण असते? आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारा निवृत्त माणूस असतो, आणि ज्यांची ठेव संस्थेच्या नावावर आहे असे लोक असतात. आणि ज्यांची रक्कम पूर्ण मिळते त्यांनाही मधली वर्षे आपल्याच पैशासाठी अर्ज करीत काढावी लागतात. एवढ्या जवळ घडलेला हा प्रकार वाणिज्य महाविद्यालयांतून शिकवला जातो काय? बँकेचा वार्षिक अहवाल सभासदांना उपलब्ध असतो. त्यातून थकीत कर्जांचे प्रमाण, तरतूद आणि भांडवल पर्याप्तता शोधून काढणे, आणि 'आपल्या वडिलांची ठेव आपण या बँकेत ठेवू का?' याचे सकारण उत्तर लिहिणे, हे काम कोणत्याही गोपनीयतेला बाध न आणता विद्यार्थ्याला देता येते. एखाद्या बँकेला ते गैरसोयीचे वाटेल. ज्या बँकेला वाटेल तिच्याविषयी तेवढ्यावरूनच बरेच समजेल.

प्रश्न पैशाचाही आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजवले. १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुले श्रम करून शिकत. त्या योजनेत विद्यार्थ्याच्या घामाचा हिशेब होता. आजच्या उमेदवारीत तो बहुधा नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले, पण ती योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हे. म्हणजे पदवी हाती असलेल्याला पैसे आणि पदवीसाठी धडपडणाऱ्याला फक्त श्रेयांक. सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर किंवा कापडाच्या दुकानात काम करून पुढच्या वर्षाचे शुल्क जमवणारा मुलगा जेव्हा हे तास बँकेत काढतो, तेव्हा तो ती कमाई सोडून आणि एस.टी.चे भाडे पदरचे घालून येतो. शहरातल्या वकिलाच्या मुलीला आणि जतच्या शेतमजुराच्या मुलाला हे १२० तास सारखेच पडतात, असे मानणारी चौकट ज्यांनी आखली त्यांनी त्या एस.टी.त बसून पाहिलेले दिसत नाही. बँकांना हा भार फार नाही. ज्या सहकारी बँका वार्षिक सभेच्या भेटवस्तूंवर खर्च करतात, त्यांना दहा विद्यार्थ्यांचे प्रवासभाडे देणे अशक्य आहे असे त्यांच्या सभासदांनाही वाटणार नाही.

शेवटी अहवाल. विद्यार्थ्याने उमेदवारी संपल्यावर तो द्यायचा असतो, आणि त्यावर गुण मिळतात. या अहवालांची घडण आता ठरून गेली आहे. पहिल्या दहा पानांत बँकेचा इतिहास, मग संघटन-तक्ता, मग ठेवींचे आणि कर्जांचे प्रकार, मग आभार. यातले एकही पान लिहिण्यासाठी शाखेत पाऊल टाकण्याची गरज नसते, आणि पुष्कळदा टाकलेले नसतेही. साताऱ्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला ज्या धनंजयराव गाडगीळांचे नाव दिले आहे, ते १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीचे सदस्य होते. ग्रामीण कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्केच आहे, हे त्या पाहणीने गावागावांतून घरोघरी विचारून शोधून काढले. ते कोणत्याही बँकेच्या माहितीपत्रकात छापलेले नव्हते. विद्यार्थ्याकडून तेवढी अपेक्षा नाही. पण अहवालाची पहिली दहा पाने रद्द करून त्याऐवजी एकच गोष्ट मागता येईल: नाव-गाव गाळून, शाखेत त्याने पाहिलेले एक प्रकरण. अर्ज काय होता, कागद कोणते होते, तारण काय होते, मंजूर झाला की नाही, आणि का. तोंडी परीक्षेला शाखेतल्याच एखाद्या अधिकाऱ्याला बसवावे आणि त्याने त्या एका प्रकरणावर वीस मिनिटे प्रश्न विचारावेत. त्यासाठी विद्यापीठाला नवा ठराव लागणार नाही. परीक्षेचे वेळापत्रक मात्र हलवावे लागेल, कारण बँकेत सर्वाधिक शिकण्यासारखे असते ते मार्चमध्ये, आणि नेमक्या त्याच सुमारास मुले परीक्षेच्या तयारीत गुंतलेली असतात.